वसाहतीत झाड लावताना सुरुवात पाण्यापासून करा

पुण्यासारख्या शहरात जूनमध्ये लावलेले रोप पावसाळाभर टवटवीत दिसते. त्याची खरी कसोटी पाऊस थांबल्यावर, विशेषतः मार्च ते मे या काळात लागते. म्हणून रोपवाटिकेत जाण्याआधी पुढचे तीन उन्हाळे पाणी कोण घालणार, ते कोणत्या नळावरून किंवा टाकीतून घेणार आणि ती व्यक्ती गावी गेल्यास तिच्या जागी कोण येणार, हे नावानिशी लिहून ठेवावे. दहा रोपांसाठी माणसे मिळत नसतील, तर तीनच रोपे लावावीत. त्यात कमीपणा मानू नये.

त्यानंतर जागा ठरवावी. पदपथ किंवा रस्त्याची कड महापालिकेच्या ताब्यात असते, त्यामुळे तेथे उद्यान विभागाकडे लेखी अर्ज करून परवानगी घ्यावी. महाराष्ट्रातील शहरांमधल्या झाडांना १९७५ च्या कायद्याचे संरक्षण असून झाड तोडण्यासाठी परवानगी काढावी लागते, तेव्हा अडचणीच्या जागी लावलेले झाड पुढे सहज काढता येईल, असे गृहीत धरू नये. जमिनीखालून पाण्याची, सांडपाण्याची किंवा गॅसची वाहिनी अथवा विजेची केबल जात नाही ना, याची खणण्यापूर्वीच चौकशी करावी आणि वर तारा आहेत का, हेही पाहावे.

झाडाची निवड या जागेवरूनच होते. वर तारा असतील, तर आपटा, कांचन किंवा पारिजातक पुरेसे आहे. रुंद रस्त्याच्या कडेला दाट सावलीसाठी करंज उत्तम. कमी पाण्याच्या, मुरमाड जागी कडुनिंब तग धरतो. बहाव्याची पिवळी झुंबरे आणि आपले राज्यफूल असलेल्या तामणाची जांभळी फुले ऐन उन्हाळ्यात वसाहतीची कळा बदलून टाकतात. बकुळ सावकाश वाढते, पण तिची हिरवी सावली बाराही महिने मिळते. वड, पिंपळ आणि उंबर यांच्या फळांवर असंख्य पक्षी जगतात, म्हणून ती झाडे शहरात हवीतच; मात्र ती मोठ्या मैदानात किंवा टेकडीच्या पायथ्याशी लावावीत, कारण इमारतीजवळ किंवा कुंपणाच्या भिंतीलगत त्यांची मुळे भेगांमध्ये शिरतात. झटपट हिरवाईच्या मोहाने कोनोकार्पस मात्र लावू नये. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली असून आपल्याकडच्या पक्ष्यांना आणि कीटकांना त्याचा फारसा उपयोग नाही.

खड्डा मे महिन्यात खणून उन्हात तापू द्यावा. लांबी, रुंदी व खोली प्रत्येकी दोन फूट असावी आणि मुरूम लागल्यास खड्डा आणखी मोठा घ्यावा. खड्ड्यात पाणी ओतून पाहावे. दुसऱ्या दिवशीही ते साचलेले दिसले, तर तळ फोडावा किंवा जागा बदलावी, कारण साचलेल्या पाण्यात मुळे कुजतात. वरची चांगली माती आणि कुजलेले शेणखत एकत्र करून भरणीसाठी तयार ठेवावे. ताजे शेण घालू नये.

चांगला पाऊस होऊन माती फूटभर भिजली, की लागवड करावी. चार ते सहा फूट उंचीचे, सरळ खोडाचे रोप निवडावे. प्लास्टिकची पिशवी पूर्ण कापून काढावी आणि आत गोल फिरलेली मुळे दिसल्यास ती छाटावीत, नाहीतर तीच मुळे पुढे खोडाला विळखा घालतात. मूळ आणि खोड यांचा सांधा जमिनीच्या पातळीवर ठेवावा. खोड मातीत गाडले गेल्यास साल कुजते. माती पायाने हलकेच दाबून बाजूला बांबू रोवावा आणि सुतळी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी सैल बांधावी.

बुंध्याभोवती किमान एक मीटर जागा मातीचीच राहिली पाहिजे, आणि या मुद्द्यावर वसाहतीच्या समितीशी वाद घालावा लागला तरी तो घालावा. फरशी किंवा काँक्रीट बुंध्यापर्यंत आले, की मुळांपर्यंत पाणी आणि हवा पोहोचत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे काँक्रीट एवढ्या अंतरापर्यंत काढण्याचा आदेश दिला होता, हे समितीला सांगता येईल.

पावसानंतर आळे करून त्यात पालापाचोळ्याचा तीन बोटे जाड थर द्यावा, पण तो खोडाला टेकू देऊ नये. हिवाळ्यात आठवड्यातून एकदा आणि उन्हाळ्यात दोन-तीनदा, प्रत्येक वेळी साधारण एक बादली पाणी सावकाश घालावे. रोज तांब्याभर पाणी घातले, तर मुळे वरच्या थरातच राहतात. पाणी घालणारे कमी असतील, तेथे रोपाशेजारी मातीचा मटका तोंडापर्यंत पुरून भरावा आणि त्यावर झाकण ठेवावे. पाणी झिरपत मुळांकडे जाते.

सुतळी दर काही महिन्यांनी तपासून सैल करावी आणि खोड स्वतःच्या बळावर उभे राहिले, की बांबू काढून टाकावा. लोखंडी जाळी खोडाला टेकण्यापूर्वीच काढावी, कारण ती सालीत रुतते. एखादे रोप वाळलेच, तर ते उपटून मुळे पाहावीत. कुजलेली असल्यास निचरा सुधारावा, कोरडी असल्यास पाण्याची पाळी बदलावी आणि मगच पुढच्या पावसात त्याच खड्ड्यात दुसरे रोप लावावे.