निवड करून घेणारी उन्हाळी शिबिरं : या चुका टाळा

फेब्रुवारी संपत आला की एक फोन हमखास येतो. "सर, मुलाला अमेरिकेतल्या एका मोठ्या विद्यापीठाचं समर कॅम्प मिळतंय. चार-पाच लाख मागतायत. पाठवू का?" 'मिळतंय' आणि 'मागतायत' एकाच दमात ऐकू आलं की मी आधी माहितीपत्रकाचं शेवटचं पान वाचायला सांगतो. तिथे बारीक अक्षरात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं, की विद्यापीठाचा या शिबिराशी काहीही संबंध नाही, फक्त वर्ग आणि वसतिगृह भाड्याने घेतलं आहे. 'तुमच्या पाल्याचं नामांकन झालं आहे' असं सोनेरी पत्र आलेलं असेल, तर आणखीच सावध राहा. असं पत्र पत्ता मिळेल त्याला जातं.

फी घेणारं प्रत्येक शिबिर फसवं असतं असं मात्र नाही. रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट हे १९८४ पासून चालणारं सहा आठवड्यांचं शिबिर अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात भरतं. तिथे शिकण्याचे, राहण्याचे, जेवणाचे पैसे घेत नाहीत. उलट रॉस, प्रॉमिस, मॅथकॅम्प ही तिकडचीच गणिताची नावाजलेली शिबिरं फी घेतात, पण घरची परिस्थिती पाहून मदतही देतात. तेव्हा फीच्या आकड्यावरून काही ठरवू नका. अर्जात मुलाकडून काय मागितलंय ते बघा. नाव, पत्ता आणि कार्ड नंबर एवढंच असेल तर ती सहल समजा. सहलीला जायला हरकत नाही, फक्त तिला निवड म्हणू नका.

खरी निवड करणारे मुलाला प्रश्न पाठवतात, आणि सगळ्यात मोठी चूक होते ती इथेच. या गणित शिबिरांच्या अर्जातले प्रश्न एका बैठकीत सुटण्यासारखे नसतात. मुलाने काही आठवडे त्यांच्याशी झटावं, अशीच अपेक्षा असते. आपल्याकडे प्रश्न आले की पालक ते क्लासच्या सरांकडे नेतात, आणि तीन दिवसांत टापटीप उत्तरं तयार! वाचणाऱ्यांना ते कळण्याची शक्यता बरीच असते. पण समजा नाही कळलं आणि प्रवेश मिळाला, तर पुढे काय?

रॉसचं शिबिर अर्नोल्ड रॉस यांनी १९५७ मध्ये सुरू केलं. साध्या गोष्टींचा खोल विचार करा, हे त्यांचं ब्रीद. प्रॉमिस हे त्याच घराण्यातलं, १९८९ पासून बोस्टन विद्यापीठात भरतं. सहा आठवडे रोज सकाळी संख्या सिद्धांताचं, म्हणजे पूर्णांकांच्या गुणधर्मांचं, व्याख्यान आणि मग हातात प्रश्नांची चळत. सूत्र आयतं मिळत नाही. आकडे मांडा, काही दिसतंय का बघा, अंदाज करा, सिद्ध करा. लिहिलेलं सगळं कॉलेजातली मुलं काउन्सेलर म्हणून तपासतात आणि 'हे कशावरून?' असं समासात लिहून परत देतात. दुसऱ्याच्या उत्तरांवर आत आलेलं मूल इथे पहिल्याच आठवड्यात उघडं पडतं, आणि त्याच्याइतकं एकटं कोणी नसतं.

म्हणून अर्धवट उत्तर अर्धवटच पाठवू द्या. 'इथपर्यंत आलो, ही पद्धत फसली, इथे अडकलो' हे स्वच्छ लिहिलेलं पान उसन्या पूर्ण उत्तरापेक्षा जास्त सांगतं.

शिफारसपत्राचंही तसंच. शाळेच्या लेटरहेडवर 'विद्यार्थी हुशार, नम्र व आज्ञाधारक आहे' असं मुख्याध्यापकांकडून आणू नका. या शिबिरांना आज्ञाधारक मुलं नकोच आहेत. तासाला उलटे प्रश्न विचारून ज्या बाईंना मुलाने बेजार केलंय, त्यांच्याकडून पत्र घ्या.

पुढची चूक दिनदर्शिकेची. मे महिन्यातल्या शिबिराचा विचार एप्रिलमध्ये सुरू केला तर उशीर झालाच. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात विज्ञान ऑलिंपियाडची, म्हणजे शाळकरी मुलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेची, निवड शिबिरं भरतात, पण त्यांचा रस्ता आदल्या नोव्हेंबरच्या परीक्षेतून जातो. गणित ऑलिंपियाडची पहिली पायरी त्याहूनही आधी, सप्टेंबरच्या सुमारास. इस्रोचं 'युविका' हे अंतराळविज्ञानाचं शिबिर २०१९ पासून सुरू आहे. दोन आठवडे, खर्च इस्रोचा, आणि ग्रामीण भागातल्या मुलांना झुकतं माप. ते नववीतल्या मुलांसाठी आहे. 'दहावीचं टेन्शन संपलं की अर्ज करू' म्हणणारे पालक दरवर्षी भेटतात, तेव्हा वेळ निघून गेलेली असते. दहावीनंतर लगेच सुरू होणारी क्लासची व्हेकेशन बॅच आणि शिबिर यांची टक्कर होणार, हेही धरून चाला. फीचा पहिला हप्ता भरण्याआधी 'पाच-सहा आठवडे मुलगी नसेल' असं क्लासला सांगा. भरल्यावर सांगितलंत तर ऐकून घ्यावं लागेल.

आता शिबिर सुरू झाल्यावरची अडचण. तिसऱ्या किंवा चौथ्या रात्री फोन येतो, "आई, इथे सगळ्यांना सगळं येतं, मलाच काही येत नाही. मला घेऊन जा." वर्गात कायम पहिलं येणाऱ्या मुलाचा हा फोन ठरलेलाच. घाबरून तिकीट काढू नका, आणि 'एवढं कशाला पाठवलं मग' असंही म्हणू नका. विचारा, आज जेवताना शेजारी कोण होतं? कुठल्या प्रश्नावर अडकलायस? काउन्सेलरला दाखवलंस का? बहुतेक वेळा उत्तर येतं, "नाही, लाज वाटते." ती लाज मोडली की आठवड्याभरात फोन कमी होतात. इतके, की मग आईच तक्रार करते. आजारपण असेल किंवा कोणी त्रास देत असेल, तर मात्र एक दिवसही थांबू नका.

ही लाज मोडावी म्हणूनच काही शिबिरांची रचना असते. १९५९ पासून चालणाऱ्या समर सायन्स प्रोग्रामच्या खगोलशास्त्र शाखेत तिघांचा गट करतात. त्यांनी पृथ्वीजवळून जाणारा एक लघुग्रह स्वतः दुर्बिणीतून टिपायचा, मोजमापं घ्यायची, कक्षा काढायची. रात्री दुर्बिणीशी, दिवसा कोडशी झगडायचं. एकट्याने हुशार असून भागत नाही. माझ्या मते या शिबिरांचं खरं मोल इथेच आहे. सोळाव्या वर्षी आपल्यापेक्षा जास्त येणारी चार मुलं भेटतात आणि ती मित्र होतात. शाळेच्या बाकावर हे क्वचित घडतं.

म्हणूनच परत आल्यावर प्रमाणपत्र लॅमिनेट करून भिंतीवर लावणं ही शेवटची चूक. त्याचा हिशेब मांडायला बसाल तर निराश व्हाल. जेईईच्या रँकमध्ये शिबिराचा अर्धा गुणही मिळत नाही. ऑलिंपियाडच्या वरच्या पायऱ्यांना चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमध्ये मान आहे, आयआयटी कानपूरनेही २०२५ पासून प्रवेशाची वेगळी वाट उघडली आहे, पण ती मोजक्यांसाठी. परदेशी प्रवेशाचीही कोणी हमी देत नाही, आणि जो देतो त्याचा फोन ठेवून द्या.

जपायच्या त्या वह्या, खाडाखोडीसकट. माझ्या एका विद्यार्थिनीने अशा शिबिरातून न सुटलेले सात प्रश्न घरी आणले होते. ती आणि तिथे भेटलेली इम्फाळची मैत्रीण रविवारी रात्री फोनवर एकेक घेऊन बसायच्या. क्लासची चाचणी सोमवारी असायची म्हणून घरी कुरबूर व्हायची. चार सुटले, तीन अजून बाकी आहेत.