व्हिएतनामला रोजचा खर्च किती धरायचा? सहा लाख!

घाबरू नका, सहा लाख डाँग. एक लाख डाँग म्हणजे साडेतीनशे रुपयांच्या आत-बाहेर (निघायच्या आधी रेट बघून घ्याच), म्हणजे दिवसाला आपले दोनेक हजार झाले. हनोईत एका माणसाच्या वरखर्चाला आम्हाला तेवढे पुरले.

आता वरखर्च म्हणजे काय ते आधी ठरवा, कारण बजेट इथेच गंडतं. विमान, व्हिसा, हॉटेल, 'हा लाँग बे' या खाडीतली बोट हे सगळं घरूनच बुक करून टाका आणि विसरून जा, ते रोजच्या हिशोबात घ्यायचं नाही. रोजच्या हिशोबात फक्त खिशातून जाणारा पैसा. नाश्ता हॉटेलात फुकट असेल तर दुपारचं जेवण ८० हजार, रात्रीचं दीड लाख, दोन कॉफ्या ८० हजार (अंड्याची कॉफी एकदा प्याच, नाव ऐकून नाक मुरडू नका), ग्रॅबला (तिकडची ओला-उबर) एक लाख, टेम्पल ऑफ लिटरेचरसारखं एखादं तिकीट ७० हजार, पाणीबिणी २० हजार. झाले पाच लाख, वर एक लाख चुकांसाठी. शाकाहारी असाल तर पाटीवर 'चाय' शोधा, तिकडे त्याचा अर्थ चहा नाही, शाकाहारी असा होतो, आणि ही जेवणं बऱ्याचदा स्वस्तातच पडतात.

चुकांसाठी का म्हणाल तर २० हजारची नोट निळी आणि ५ लाखाची पण निळसरच, दोन्हीवर त्यांचे नेते हो ची मिन्ह, आणि मी पहिल्याच रात्री अंधारात नारळपाण्याला कुठली दिली ते रूमवर पैसे मोजताना कळलं. तेव्हापासून ५ लाखाच्या नोटा वेगळ्या कप्प्यात.

मग मी सरळ झिपच्या छोट्या पिशव्या केल्या, प्रत्येकीवर मार्करने वार लिहिला आणि प्रत्येकीत सहा लाख. सकाळी फक्त त्या दिवसाची पिशवी घ्यायची, बाकीच्या हॉटेलच्या लॉकरमध्ये. उरले तर दुसऱ्या दिवशी चैन करा पण उद्याच्या पिशवीला हात लावायचा नाही, बायकोने तिसऱ्या दिवशी लावला आणि चौथ्या दिवशी आम्ही बान्ह मीवर (तिकडचं पावाचं सँडविच) काढला.

कार्ड जपून वापरा, बऱ्याच बँका साडेतीन टक्के मार्कअप (परदेशी चलनातल्या खर्चावरचा जादा आकार) आणि त्यावर जीएसटी लावतात. मशीनने रुपयात का डाँगमध्ये विचारलं तर डाँगच दाबायचं. आम्ही इथून डॉलर नेलेले, कोऱ्या शंभरच्या नोटा, आणि तिकडे बँकेत बदलले.

शेवटच्या दिवसाची पिशवी मात्र हलकी ठेवा, एअरपोर्टच्या ८६ नंबर बसचे ४५ हजार तेवढे बाजूला काढा. उरलेले डाँग इकडे आणून बदलायला गेलं तर धड रेट मिळत नाही, आमचे सगळे कॉफीच्या पाकिटांत गेले.