शेवटचा बहर फुललेला, नव्या रोपाची हुंडी कोरडी

आज अंधार पडायच्या आत एक काम करा. गेल्या महिन्याभरात लावलेल्या प्रत्येक फुलझाडाच्या बुंध्याशी बोट खुपसून बघा. आजूबाजूच्या मातीत नाही, अगदी खोडाला लागून हुंडीत, म्हणजे पिशवीतून किंवा कुंडीतून आलेल्या मुळांसकट मातीच्या गोळ्यात, दोन पेरे खोल. बोटाला ओल लागली तर ठीक. भुरभुरीत कोरडी माती लागली तर पुढचे नंतर वाचा, आधी त्या झाडाला पाणी द्या.

हंगाम सरताना बाग सर्वांत देखणी दिसते. झेंडू, झिनिया, कॉसमॉस अजून फुलत असतात, डेलिया भरात येतो, शेवंती कळ्यांनी लगडते. याच दिवसांत रोपवाटिकाही फुललेल्या रोपांनी भरलेल्या असतात आणि माणूस चार रोपे घेऊन येतो. त्यात चूक काहीच नाही. माती अजून उबदार असते, मुळे चालतात, लावणीला वेळ चांगली आहे. पण हवा बदललेली असते. पावसाने पाठ फिरवलेली, हवेतला दमटपणा गेलेला, दुपारी कोरडा वारा सुटलेला. जुन्या झाडांची मुळे खोल गेलेली असतात, त्यांना हा बदल जाणवत नाही. नव्या रोपाला तो दोन दिवसांत जाणवतो. आणि आपण त्या वेळी फुलांकडे बघत असतो.

रोप मेले की तीनच कारणे ऐकू येतात: कीड लागली, मर रोग (झाड सुकवणारी बुरशी) आला, रोपवाटिकेने माल खराब दिला. मी अशी मेलेली रोपे उपटून बघत आलो आहे. ओळखीच्या एका घरी शेवंतीची अकरा रोपे पंधरा दिवसांत गेली. वाफा ओला होता, रोज झारीने पाणी चालू होते. खुरप्याने एक रोप उचलले तर भोवतालची माती चिखलासारखी आणि मधली हुंडी विटेच्या तुकड्यासारखी कोरडी. बोटांनी फोडली तर आतून धूळ निघाली. तोवर त्या वाफ्यावर बुरशीनाशकाचे तीन फवारे झाले होते. त्यानंतर जिथे जिथे नवे रोप मान टाकताना दिसले तिथे मी आधी हुंडी तपासली, आणि बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळाले.

भोवती ओल असून हुंडी कोरडी राहते, याला कारण आहे. पिशवीतले किंवा कुंडीतले मिश्रण आणि बागेतली माती या दोन वेगळ्या जाती आहेत. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा पीटचे (दलदलीतल्या कुजक्या शेवाळाचे) मिश्रण भरड असते, बागेतली माती बारीक कणांची. बारीक माती ओल आपल्याकडे ओढून धरते, भरड मिश्रणाला परत देत नाही. पीट तर एकदा ठणठणीत वाळले की पाणी आत घेतच नाही, पाणी वरून ओघळून बाजूने निघून जाते. हुंडी चिकट मातीची असेल तर ती वाळून आक्रसते, भोवती फट पडते आणि झारीचे सगळे पाणी त्या फटीतून खाली जाते. रोपाची मुळे मात्र अजून हुंडीतच कोंडलेली. बाहेरची ओल त्यांच्या उपयोगाची नाही.

आता हिशेब करा. सहा इंच रुंद आणि तेवढ्याच उंच कुंडीतली हुंडी म्हणजे जेमतेम अडीच-पावणेतीन लिटर माती. त्यातला काही हिस्साच पाणी असतो. वर फुलांनी भरलेले झाड आणि सुटलेला वारा असेल तर हा साठा एका-दोन दिवसांत संपतो. पावसाच्या सरीवर विसंबू नका. 10 मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला 10 लिटर, ऐकायला भरपूर. पण सहा इंची हुंडीच्या तोंडावर त्यातले साधारण 175 मिलिलिटर, म्हणजे एक लहान पेला पाणी पडते. तेही वर पाने नसतील तर. दाट पानांचे झाड छत्रीसारखे पाणी बाहेर टाकते. अंगण ओले दिसले म्हणून झारी बाजूला ठेवली की रोप गेलेच समजा.

रोप दुपारी कोमेजले तर दुकानात धावू नका. फोटो दाखवला की दुकानदार मर रोगाचे औषध, वर ‘रूट बूस्टर’, वर फुलांचे टॉनिक हातात देतो. त्याचा माल खपतो, आपले चार दिवस जातात आणि तेवढ्यात झाड संपते. आधी हे बघा:

संध्याकाळी ऊन उतरल्यावर पाने परत ताठ झाली तर मुळे शाबूत आहेत, तहान आहे. दुसऱ्या दिवशी सकाळीही मान खालीच असेल आणि हुंडी कोरडी असेल तर तहान हाताबाहेर चालली आहे, लगेच उपाय करा. हुंडी ओलीचिंब, मुळे तपकिरी, ओढली की साल हातात येते आणि कुबट वास येतो, तर ती मूळकूज. तिथे पाणी बंद करा आणि निचरा बघा. या शेवटच्या प्रकारातच ट्रायकोडर्माचा (रोगट बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) किंवा बुरशीनाशकाचा विचार करायचा. कोरड्या हुंडीवर औषध ओतून काही होत नाही.

कोरडी झालेली हुंडी वरून पाणी घालून ओली होत नाही. कुंडीतले रोप असेल तर कुंडीसकट पाण्याच्या बादलीत बुडवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. पंधरा-वीस मिनिटे पुरतात. मग निथळू द्या. जमिनीत लावलेले असेल तर लाकडी काडीने हुंडीतच, मुळे न दुखवता, पाच-सहा भोके पाडा आणि अर्धा ते एक लिटर पाणी तीन-चार टप्प्यांत, मधे दहा-दहा मिनिटे थांबून, अगदी हळू सोडा. माझा अनुभव असा की संध्याकाळी दिलेले असे पाणी रोप जास्त चांगले उचलते. मूळकुजीच्या भीतीने लोक सकाळी द्या म्हणतात, ते एरवी बरोबर आहे, पण तहानेने मान टाकलेल्या रोपाला सकाळपर्यंत थांबवू नका.

नवीन रोप लावणार असाल तर लावणीआधीच हुंडी बादलीत भिजवून घ्या. पिशवी कापून काढा, ओढून नाही. मुळे तळाशी गोल फिरून जाळी झाली असतील तर धारदार चाकूने बाजूने तीन-चार ठिकाणी उभे काप द्या, नाहीतर ती वर्षभर तशीच गोल फिरत राहतात. हुंडीचा माथा जमिनीच्या पातळीला ठेवा, खोल गाडू नका. आळे पहिले काही दिवस हुंडीएवढेच लहान करा. मोठ्या आळ्यात पाणी पसरते आणि हुंडीला सर्वांत कमी मिळते. मुळे बाहेर पडू लागली की आळे रुंद करत न्यायचे.

आणि एक जड जाणारी गोष्ट. लावताना उमललेली फुले आणि निम्म्या कळ्या खुडून टाका. फुलांसाठीच आणलेले रोप, जीव होत नाही, हे मला कळते. पण फुले पाणी पितात, आणि आत्ता त्या मुळांकडे द्यायला पाणी नाही. रोपवाटिकेतूनच फुललेल्यापेक्षा हिरव्या घट्ट कळ्यांचे, बुटके, फांद्या फुटलेले रोप उचला. बहर घरी बघायला मिळतो आणि तो जास्त दिवस टिकतो.

जुन्या झाडांचा बहर लांबवायला टॉनिक लागत नाही, कात्री लागते. झेंडू, झिनिया, कॉसमॉस ही वर्षायू (एका हंगामात आयुष्य संपणारी) झाडे बी धरली की आपले काम संपले असे मानतात. सुकू लागलेले फूल देठासह, खालच्या पानाच्या जोडीपर्यंत दर दोन-तीन दिवसांनी काढत गेलात तर ती नव्या कळ्या देत राहतात. बी हवे असेल तर शेवटच्या आठवड्यांत एक-दोन चांगली झाडे न खुडता सोडा. संकरित वाणाचे बी मूळ झाडासारखे येईलच असे नाही. शेवंतीचे मात्र वेगळे आहे. ती रात्री लांबल्या की कळी धरते. रस्त्याच्या किंवा अंगणातल्या दिव्याचा उजेड रात्रभर पडत असेल तर कळ्या उशिरा येतात. अशा वेळी खत वाढवू नका, कुंडी अंधाराच्या बाजूला हलवा.

बाकीची नेहमीची कामे:
– युरियासारखे नत्रयुक्त खत आता बंद
– कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, झाडाला दोन मुठी
– बुंध्यापासून दोन बोटे सोडून वाळल्या पाल्याचे आच्छादन
– उंच डेलियाला काठीचा आधार
– तण, पडलेली रोगट पाने उचलणे
– कडाक्याची थंडी पडते तिथे पाने काळवंडल्यावर डेलियाचे कंद काढून कोरड्या जागी ठेवणे

कीड-रोगांबाबत थोडेच. कोरड्या हवेत लाल कोळी (पानातला रस शोषणारी बारीक कीड) येतो, आणि तो तहानलेल्या झाडावर आधी येतो. पानाखाली बारीक जाळी दिसली तर पहिला फवारा साध्या पाण्याचा, जोराने, पानाच्या खालून. मावा, फुलकिडे वाढले तर 5 टक्के निंबोळी अर्क किंवा अझाडिरेक्टीन (निंबोळीतले कीडनाशक द्रव्य, बाटलीवर 1500 पीपीएम लिहिलेले), 5 मिलिलिटर प्रति लिटर पाणी, संध्याकाळी. झिनिया, डेलियावर भुरी (पानांवर पांढरी भुकटी दिसणारा बुरशीचा रोग) आली तर पाण्यात मिसळणारे 80 टक्क्यांचे गंधक 2 ग्रॅम प्रति लिटर. गंधक कडक उन्हात मारू नये, आणि निमतेलाच्या फवाऱ्यानंतर दोन आठवडे तर नाहीच, पाने जळतात. फुले उमललेली असताना इमिडाक्लोप्रिडसारखी कीटकनाशके मारू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी. हंगाम सरताना मधमाश्यांना याच फुलांचा आधार असतो.

पाणी तपासण्याचे काम लावणीनंतर पहिले दहा दिवस रोज, मग तीन-चार आठवड्यांपर्यंत एक दिवसाआड. रोप हलकेच वर ओढून बघा. हुंडी मातीत घट्ट धरलेली वाटली आणि शेंड्याला ताजी पाने फुटली तर मुळे बाहेर पडली आहेत, मग ते झाड बाकीच्यांबरोबर चालेल. तोपर्यंत दिवसभर कोरडा वारा सुटणार असे दिसले की वारा यायच्या आदल्या संध्याकाळीच हुंडीत बोट घाला.