मिशिगन फुटबॉलचा जुना-नवा सीझन कसा वाचायचा

भाचा अमेरिकेत अ‍ॅन आर्बरला, मिशिगन युनिव्हर्सिटीत एमएसला गेला आणि पहिल्याच सप्टेंबरात फॅमिली ग्रुपवर निळ्या-पिवळ्या जर्सीतले फोटो सुरू झाले (त्या पिवळ्याला तिकडे मेझ म्हणतात, म्हणजे आपला मका), तेव्हापासून मीपण मिशिगनच्या कॉलेज टीमच्या मागे लागलोय (फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, आपला पायाने खेळायचा नाही). सुरुवातीला घंटा काही कळायचं नाही, म्हणून नवीन कोणी असेल तर सांगतो.

आधी वेळ. तिकडची शनिवारी दुपारी १२ ची मॅच आपल्याकडे रात्री साडेनऊला लागते, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं मागे गेली की साडेदहाला. नाइट गेम असेल तर सरळ झोपा, सकाळी स्कोअर बघा.

मग वर्ष. रणजीला आपण १९९७-९८ लिहितो ना, तिकडे नुसतं १९९७. मी १९९७ ची शेवटची मॅच डिसेंबरात शोधत बसलो होतो, ती निघाली १ जानेवारी १९९८ ला, रोझ बोल (सीझन संपल्यावरची मानाची मॅच), वॉशिंग्टन स्टेटवर २१-१६. त्या वर्षी टीम १२-०, कोच लॉइड कार, आणि चार्ल्स वुडसनला हाइजमन (वर्षातल्या बेस्ट कॉलेज प्लेयरची ट्रॉफी) मिळाली, तीही डिफेन्सच्या प्लेयरला, जे सहसा होत नाही. तरी नॅशनल टायटल नेब्रास्काबरोबर वाटून घ्यावं लागलं, कारण तेव्हा चॅम्पियन मतांनी ठरायचा आणि दोन पोलनी दोन वेगळ्या टीम निवडल्या.

१२-० मध्ये आधी जिंकलेल्या, मग हरलेल्या मॅचेस. १९९६ च्या आधीचं असेल तर तिसरा आकडा पण दिसेल, तो टायचा, तेव्हा ओव्हरटाइम नव्हता. १९७३ ला मिशिगन १०-०-१ होती, कट्टर दुश्मन ओहायो स्टेटशी १०-१० टाय झाली आणि रोझ बोलला कोण जाणार ते कॉन्फरन्सच्या (म्हणजे दोघी ज्या लीगमध्ये खेळतात तिच्या) अ‍ॅथलेटिक डायरेक्टर लोकांनी मतदान करून ठरवलं, गेली ओहायो. जुने फॅन अजून चिडतात.

रोस्टर (टीममधल्या प्लेयरची यादी) वाचताना नंबरवर विसंबू नका, एकाच नंबरची दोन पोरं असू शकतात, एक ऑफेन्सला एक डिफेन्सला. नावापुढे आरएस म्हणजे रेडशर्ट. पाच वर्षांत चार सीझन खेळायचे, म्हणून एक वर्ष नुसतं प्रॅक्टिसला ठेवतात (२०१८ पासून चार मॅचपर्यंत खेळवलं तरी ते वर्ष वाया जात नाही). पुढे प्रोफेशनल लीगचा (एनएफएल) सुपरस्टार झालेला टॉम ब्रेडी १९९५ ला आला, रेडशर्ट झाला, १९९७ ला बेंचवर होता, १९९८ आणि ९९ ला स्टार्टर, आणि २००० च्या ड्राफ्टमध्ये (एनएफएलच्या टीम कॉलेजची पोरं निवडतात तो) पार १९९ वा. नुसता शेवटचा सीझन बघितला तर ही गंमत कळणारच नाही.

पण माझं मत विचाराल तर आधी कोच बघा, पोरं चार-पाच वर्षांत जाणारच. बो शेम्बेकलर १९६९ ते १९८९, मिशिगनमध्ये १९४-४८-५, पहिल्याच वर्षी ओहायो स्टेटला २४-१२ हरवलं, आणि समोरचा कोच वुडी हेज म्हणजे त्याचाच जुना गुरू. नॅशनल टायटल मात्र एकही नाही, रोझ बोलमध्ये २-८. दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचा. तसंच २०२३ चं १५-०. शेवटी वॉशिंग्टनला ३४-१३ धुतलं, भारीच, पण रेग्युलर सीझनच्या १२ पैकी ६ मॅचेसना हेड कोच जिम हार्बॉ सस्पेंड होता. कोचच्या नावापुढचा आकडा बघताना हे माहीत पाहिजे.

एवढं सगळं नको असेल तर एकच मॅच बघा, नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी ओहायो स्टेटशी. २०२४ ला मिशिगन ६-५ होऊन ओहायो स्टेटच्या घरी कोलंबसला गेली, समोर देशाच्या रँकिंगमध्ये दुसरी असलेली टीम, आणि १३-१० ने जिंकली. ओहायो पुढे जाऊन नॅशनल चॅम्पियन झाली, तरी भाच्याचा डीपी अजून १३-१० चाच आहे.