सोफ्यामागच्या भिंतीला किती मोठं चित्र हवं?

दुकानात भलंमोठं वाटलेलं चित्र घरी आणून सोफ्यामागे टांगलं की दाराला टिकली लावल्यासारखं दिसतं. दुकानात ते इतर चित्रांच्या दाटीत असतं आणि आपण ते हातभर अंतरावरून बघतो. घरी मागे मोकळी भिंत असते आणि बघणारा आठ-दहा फुटांवर बसलेला असतो. म्हणून आधी टेप घ्या, मग दुकानात जा.

मोजायचं ते चित्राखालचं फर्निचर, भिंत नंतर. तीन माणसांचा सोफा हातांसकट साधारण साडेसहा फूट, म्हणजे 78 इंच भरतो. त्याच्या दोन तृतीयांश ते पाऊण, म्हणजे 52 ते 58 इंच रुंदी चित्राला द्या. निम्म्याहून कमी रुंदीचं चित्र अधांतरी वाटतं. सोफ्याच्या बाहेर डोकावलं तर सोफाच बारका दिसायला लागतो. पलंगालाही हाच हिशेब. पाच फुटी पलंगाच्या वर 40 ते 45 इंच, सहा फुटीच्या वर 48 ते 54. बाजूची टेबलं त्यात धरू नका.

एवढं मोठं एकच चित्र खिशाला जड जातं. मग तीन फ्रेमा करा: प्रत्येकी 16 इंच रुंद, मधे दोन-दोन इंचांच्या दोन फटी. 48 अधिक 4, झाले 52. फटी चार इंचांच्या पुढे गेल्या की तिन्ही चित्रं एकमेकांशी भांडल्यासारखी सुटी पडतात.

दुसरा, आणि आमच्या मते सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे रुंद माउंट, म्हणजे चित्र आणि फ्रेमची पट्टी यांच्यामधली पुठ्ठ्याची कोरी किनार. इथेच बहुतेकांची मापं चुकतात, कारण चित्राचं माप आणि फ्रेमचं माप वेगळं असतं. 12×18 इंचांच्या प्रिंटला चारही बाजूंनी दोन इंच माउंट आणि एक इंची पट्टी लावली की बाहेरून 18×24 होतं. तेच माउंट चार इंचांचं केलं तर 22×28. भिंतीवर दिसतं ते हे बाहेरचं माप, म्हणून फ्रेमवाल्याला तेच सांगा.

चित्रात काय आहे यावरही आकार ठरतो. वारलीतलं तारपा नाचाचं मोठं चक्र दुरून कळतं, पण दोन इंचांचा तारपावाला सोफ्यासमोरून नुसता ठिपका दिसतो. पिंगुळीच्या चित्रकथीसारखं बारकाव्याचं काम पॅसेजमध्ये लावा, तिथे माणूस जवळून जातो. तीन फुटी पॅसेजमध्ये मात्र फ्रेम 12 ते 16 इंच रुंद पुरे. त्याहून मोठं चित्र मागे सरकून बघायला जागाच नसते, आणि जाड पट्टी खांद्याला लागते ते वेगळंच.

माप पक्कं करण्याआधी रद्दीचे पेपर जोडून बाहेरच्या मापाचा कागद कापा आणि मास्किंग टेपने भिंतीवर लावा. सेलोटेप नको, काढताना रंग घेऊन येतो. दोन दिवस तसाच राहू द्या. उजेडात बघा, रात्री ट्यूब लावून बघा, बसून बघा. दार उघडल्यावर कड लागते का, एसीच्या खाली फूटभर मोकळी जागा उरते का, हे कागदावरच कळतं.

उंचीचं म्हणाल तर बहुतेक घरांत चित्रं फार वर असतात. जुन्या घरांत पूर्वजांचे फोटो दाराच्या चौकटीवर लावत, पण ते पुढे झुकवलेले असत, म्हणून खालून नीट दिसत. सपाट फ्रेमला तीच उंची दिली की मान वर करावी लागते आणि काचेत ट्यूबच दिसते. मोकळ्या भिंतीवर चित्राचा मध्य जमिनीपासून 57-58 इंचांवर ठेवा. सोफा असेल तर त्याच्या पाठीपासून वर सहा ते आठ इंच सोडा. भारतीय बैठकीच्या वर खालची कड 40-42 इंचांवर आणा.

खिळ्याची जागा अशी काढा. समजा फ्रेम 24 इंच उंच आहे आणि मध्य 58 वर हवा, म्हणजे वरची कड 70 वर. मागची तार बोटाने वर ताणून धरा आणि वरच्या कडेपासून अंतर मोजा. ते तीन इंच आलं तर खिळा 67 वर. तार सैल सोडून मोजली की चित्र नेमकं तेवढंच चुकतं.

आकार वाढला की वजन वाढतं. 24×36 इंचांच्या फ्रेममध्ये 2 एमएमची नुसती काचच पावणेतीन किलोच्या आसपास भरते. पट्टी आणि मागचा बोर्ड धरून पाच-सहा किलो होतं. त्याला एक खिळा नको, दोन ठिकाणी आधार द्या. 6 एमएमच्या बिटने दीड इंच खोल भोक, त्यात प्लॅस्टिकचा प्लग, मग स्क्रू. आतलं प्लॅस्टर जेमतेम अर्धा इंच असतं. प्लग त्यातच राहिला तर एक दिवस पोपड्यासकट बाहेर येतो. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली ड्रिल मारू नका, वायरिंग बहुधा तिथूनच गेलेलं असतं. पलंगाच्या वर काच टाळा. ॲक्रिलिक किंवा कॅनव्हास बरा.

मुंबईत, कोकणात पावसाच्या माऱ्याची बाहेरची भिंत असेल तर मोठं कागदी चित्र तिथे नकोच. ओल आली की कागदाला लाटा येतात, आणि कागद जितका मोठा तितक्या त्या जास्त दिसतात. दुसरी भिंतच नसेल तर फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून अर्ध्या इंचाचे रबरी गुटके लावा, म्हणजे मागून हवा खेळेल.