एनबीएमधे डिफेन्सिव्ह थ्री सेकंद कसं ओळखायचं

एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगची, मॅच बघताना मधेच शिट्टी वाजते, कोणी कोणाला धक्का दिलेला नसतो, तरी एक जण येऊन एकच फ्री थ्रो मारतो आणि बॉल परत त्याच टीमकडे जातो. हा डिफेन्सिव्ह थ्री सेकंदचा टेक्निकल (धक्का न लागता, नियम मोडल्याबद्दल दिलेला फाउल). हा ओळखायचा तर बॉलवरची नजर काढा आणि डिफेन्सच्या सगळ्यात उंच प्लेयरचे पाय बघा.

बॉल हाफ कोर्टच्या पुढे आला की मोजायला लागा. तो उंच प्लेयर सोळा फूट रुंद पेंटमधे (रिंगसमोरच्या रंगवलेल्या चौकोनात) आहे का? असेल तर त्याच्या हाताच्या अंतरावर कोणी विरोधी प्लेयर आहे का, आणि तो खरंच त्याला गार्ड करतोय का? नुसतंच रिंगखाली उभं राहून वाट बघत असेल तर तीन सेकंदांच्या आत त्याला बाहेर पडायलाच लागतं, दोन्ही पाय पूर्ण बाहेर, मग लगेच आत आला तरी मोजणी नव्याने सुरू. चांगले सेंटर (रिंगजवळ खेळणारे उंच प्लेयर) हे इतकं बेमालूम करतात ना, एक पाऊल बाहेर, दुसरं बाहेर, की परत आत, बघत राहावं! शॉट सुटत असेल तर मोजणी थांबते. बॉलवाल्याला गार्ड करणाऱ्याला हाताच्या अंतराची अट नाही, पण बॉलवाल्याने पास दिला की सवलत संपली.

हे कळायला जुना नियम माहीत हवा. 2001 पर्यंत झोन डिफेन्सच (ठरलेल्या प्लेयरऐवजी जागा राखणं) चालत नव्हता, इल्लीगल डिफेन्स पकडला की आधी वॉर्निंग, पुढच्या वेळी टेक्निकल. त्यामुळे टीम्स आपले प्लेयर एका बाजूला लांब नेऊन उभे करायच्या, त्यांचे डिफेंडर नाइलाजाने तिकडे ओढले जायचे आणि दुसऱ्या बाजूला स्टार प्लेयर एकास एक खेळत बसायचा, बाकीचे नुसते उभे. 2001-02 च्या सीझनपासून झोनला परवानगी मिळाली, फक्त कोणी रिंगखाली तळ ठोकू नये म्हणून ही तीन सेकंदांची अट आली. माझ्या मते एनबीएने केलेल्या सगळ्यात चांगल्या बदलांपैकी हा एक, कारण पासिंगला परत किंमत आली.

हा टेक्निकल प्लेयरच्या इजेक्शनमधे (मॅचमधून बाहेर काढण्यासाठी) धरत नाहीत, त्यामुळे कधीकधी सोपा बास्केट देण्यापेक्षा सेंटर मुद्दाम आत थांबतो तेही चालून जातं.

आणि हो, फिबामधे (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या नियमांत) हा नियमच नाही. आपल्याकडच्या स्पर्धा फिबाच्या नियमांनी होतात, तिथे समोरचा सेंटर आत उभा राहिला म्हणून रेफ्रीशी भांडू नका, बाहेरून शॉट मारून त्याला बाहेर काढा.