मोबाइलवरच्या पंचांगात घरातली तिथी अचूक कशी शोधावी

ॲप उघडल्यावर आजची तिथी पाहण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन महिन्याची पद्धत तपासावी आणि ती 'अमान्त' करून घ्यावी. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, तर उत्तर भारतात बहुतेक ठिकाणी तो पौर्णिमेला संपतो. त्यामुळे शुद्ध पक्षात दोन्हीकडची नावे जुळतात, पण वद्य पक्षात तिकडचे नाव एक महिना पुढे असते. आपली गोकुळाष्टमी श्रावण वद्य अष्टमीची, तीच तिकडे भाद्रपद कृष्ण अष्टमी म्हणून लिहिली जाते.

माझ्या वडिलांची तिथी श्रावण वद्य दशमी. पहिल्या वर्षी 'पौर्णिमान्त' पद्धत तशीच राहून गेली आणि ॲपने मला आपल्या आषाढ वद्य दशमीची तारीख दिली. गुरुजींना फोन लावणार, एवढ्यात आई म्हणाली, "अरे, दिव्याची अवस तरी झाली का? श्रावण लागायचाय अजून." तिथे माझी चूक उघडी पडली.

दुसरी गोष्ट गावाची. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी होते आणि तेवढ्याला कधी सुमारे २० तास लागतात, तर कधी २६ हून अधिक. तिथी बदलण्याचा क्षण जगभर एकच असला, तरी त्या दिवसाची तिथी ठरते ती सूर्योदयावरून, आणि सूर्योदय गावोगाव वेगळा. संकष्टीला हा फरक लगेच जाणवतो, कारण नागपूरचा चंद्रोदय मुंबईच्या वीस-तीस मिनिटे आधी होतो. अमेरिकेत राहणाऱ्यांनी तर आपलेच शहर निवडावे. तिथे एखादा सण भारतातल्यापेक्षा एक दिवस आधीही येतो.

समाप्तीची वेळ २५:४० अशी दिसल्यास ती मध्यरात्रीनंतरची १:४० समजावी, कारण पंचांगाचा दिवस सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत चालतो. एखादी तिथी दोन सूर्योदयांच्या मध्येच सुरू होऊन संपली, तर तिला क्षयतिथी म्हणतात. तो ॲपचा बिघाड नव्हे.

मात्र सूर्योदयाची तिथी प्रत्येक कार्याला चालत नाही. संकष्टीला चंद्रोदयी चतुर्थी लागते, आणि वर्षश्राद्धाला अपराह्णकाळ, म्हणजे दिवसमानाच्या पाच भागांपैकी चौथा भाग, पाहिला जातो. म्हणून तिथीचा आरंभ आणि समाप्ती दोन्ही वाचावेत.

आठवण लावताना 'तिथीनुसार' हाच पर्याय घ्यावा. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्यामुळे इंग्रजी तारखेची आठवण पुढच्याच वर्षी चुकते. शके १९४८ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे (१७ मे ते १५ जून २०२६). त्या महिन्यात घरातली तिथी असेल, तर ती अधिकात धरावी की निजात (त्यानंतरच्या नेहमीच्या ज्येष्ठात), हे गुरुजींना विचारून घ्यावे.

शेवटी, माहीत असलेल्या एखाद्या जुन्या तारखेवर जाऊन पडताळणी करावी. मी पद्धत आणि गाव बदलून वडील गेले त्या तारखेपर्यंत मागे गेलो, तिथे श्रावण वद्य दशमी दिसली, आणि मगच पुढच्या वर्षीची आठवण लावली.